पद्मिनी उन्हात का थांबते?

प्रश्न : माझी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी सकाळी एका सेल्फला लागते. पण मे महिन्यात परभणीहून नांदेडला निघून वसमतला चहाला थांबलो की पुन्हा लागत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाका म्हणतात. काढू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : मुळीच काढू नका. त्याचा यात काही संबंध नाही, उलट हिवाळ्यात इंजिन नीट तापणार नाही आणि पेट्रोल जास्त जाईल. दोष बहुधा गाडीतल्या पेट्रोल पंपाकडे आहे. हा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. गाडी उभी राहिली की पंखा थांबतो, इंजिनाच्या ब्लॉकची धग पंपात चढते आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. मग पंपातला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा पडदा, हलतो, पण वाफ नुसती दबते. पेट्रोल पुढे जात नाही.

आधी ठिणगी बघा, कारण तापल्यावर दगा देणारा इग्निशनचा कंडेन्सरही हुबेहूब असाच वागतो. प्लग काढून वायरला लावा, बॉडीला टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी, कडक असेल तर इग्निशन ठीक आहे. मग प्लग बसवून पंपावर ओलं फडकं ठेवा. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ देऊ नका. थोड्या वेळात गाडी लागली तर वाफच होती.

कायमचा इलाज म्हणजे पंप आणि ब्लॉकमधला, धग अडवणारा बेकलाइटचा जाड तुकडा. पंप बदलताना तो हरवतो आणि नुसतं कागदी पॅकिंग लागतं. मूळ जाडीचाच बसवा; जास्त जाड झाला तर पंपाची दांडी कमी दाबली जाते आणि पेट्रोल अपुरं पडतं.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत असाल तर आजच थांबवा. आपल्याकडे बंबात जसा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. शिवाय ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे हेड आतून खाल्लं जातं. रेडिएटर उघडून रॉड मारून घ्या, मग एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर घाला.

प्रश्न : वाड्यात अकरा वर्षं उभी असलेली पद्मिनी चालू करायची आहे.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पहिल्याच दिवशी सेल्फ मारू नका; चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा तुटतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा. मग टॉप गियर टाकून गाडी हाताने हळूच पुढेमागे ढकला. अडली तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून थांबा. चाकंच जाम असतील तर आधी ब्रेकचे ड्रम उघडा. व्हील सिलिंडरची रबरं तशीही बदलावीच लागतील.

टाकी उतरवून धुवा. सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारे घ्या, कारण आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं. तेच इथेनॉल टाकीतला चिकटा सोडवतं, म्हणून पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये दोनदा बदला.

प्रश्न : १९७३ ची अॅम्बॅसेडर ‘व्हिंटेज’मध्ये बसते का?
— एक वाचक, बीड

उत्तर : बसते. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण लागतात. मात्र चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर अडचण येईल. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रोज फिरवायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण करा.