राजीनामा टाकायच्या आधी हे वाच

झिला,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, रात्री दोनला पाठवलेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा वाचला. याचं उत्तर व्हॉट्सॲपवर दोन ओळीत देणं मला जमणार नाही म्हणून पत्र लिहितोय, सावकाश वाच, लोकलमध्ये उभ्याउभ्या नको.

तू म्हणतोस मुंबईत राहून मी कोण हेच विसरायला झालंय, काय आवडतं विचारलं तर सांगता येत नाही, सगळं सोडून गावाला येतो, घर दुरुस्त करतो, होमस्टे काढतो, तिकडे तरी मी माझा राहीन. तुझी तगमग खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण गावाला आलास की सगळं आपोआप जागेवर येईल हे मला पटत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी हो ला हो करणार नाही.

गणपतीत आला होतास तेव्हा मी बघितलंय ना. आत भजन रंगलंय, पखवाज कसा वाजतोय, बुवाने गजर घेतलाय, आणि तू बाहेर खळ्यात खुर्ची टाकून ऑफिसच्या ग्रुपवर उत्तरं देतोयस, ते झालं तर रील्स, मग बॅटरी संपली म्हणून चार्जर शोधत आत आलास आणि भजनाच्या मधून वाट काढत परत बाहेर गेलास. रागावून नाही सांगत. आता इथेही रेंज चांगली आहे रे, जे तिकडे करतोस तेच इकडे करशील, फक्त समोर माड असतील.

शहरात गर्दी फार म्हणून स्वतःशी बोलता येत नाही असं तू लिहिलंयस. मग आपल्या जुन्या चाकरमान्यांचं काय? गिरणीत लागले ते गिरगाव-लालबाग-परळला गावच्या मंडळाच्या खोलीत राहिले, एकेका खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसं, पाळीपाळीने झोपायची, ट्रंक आणि वळकटी ठेवायची तेवढीच काय ती जागा आपली. एकांत कुठून मिळणार होता त्यांना? पण सुट्टीच्या दिवशी गावाला पत्र लिहायला बसायचे, स्वतःला लिहिता येत नसेल तर खोलीतल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगायचे आणि तो लिहायचा. आणि पत्र लिहायचं म्हणजे महिन्याभरात काय झालं, कशाने बरं वाटलं, कशाने जीव तुटला, आईला काय सांगायचं आणि काय नाही सांगायचं, हे सगळं डोक्यातून एकदा जायला लागतं. त्या दिवसांचे गोडवे मी गात नाहीये, फार हाल काढलेत त्या माणसांनी. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, कित्येकांना परत गिरणीचा भोंगा ऐकायला मिळालाच नाही आणि कोकणातल्या किती घरांची मनिऑर्डर थांबली ती थांबलीच. सांगायचं इतकंच की गर्दी तेव्हाही होती, जागा तर तुझ्यापेक्षा कमीच होती. पण जी दहा-वीस मिनिटं मध्ये रिकामी सापडायची ती रिकामीच असायची.

तुझी बघ. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, फास्ट पकडलीस तरी येऊन-जाऊन तीन तासांच्या आसपास जातात. एवढ्या वेळात कानात इयरफोन, जेवताना समोर व्हिडिओ, लिफ्टची वाट बघताना फोन, झोप येईपर्यंत फोन. मनात काही आलंच तर ते बोलणार कधी? तुझ्या आतलं काही मेलेलं नाहीये, त्याला बोलायची पाळीच येत नाहीये एवढंच.

देवळात कौल लावताना तू लहानपणी बघितलं असशील, पण तेव्हा तुझं लक्ष प्रसादाकडे. आता परत एकदा येऊन नीट बघ. गुरव पाकळ्या पाण्यात भिजवतो आणि पाषाणाला उजव्या-डाव्या बाजूला लावतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे सगळ्यांना माहिती आहे. पण त्याच्या आधी जे होतं ते महत्त्वाचं. मागे एक मुंबईकर आला होता, चांगला पन्नाशीचा माणूस, हात जोडून म्हणाला, आमचं काही धड होत नाही, देवाला विचारा काय करू. गुरव म्हणाला, "असा चलाचा नाय. देव होय नायतर नाय इतकाच सांगता. नेमका काय विचारूचा हा ता सांग." झालं, तो माणूस अडकला. धंद्याचं सांगितलं, मग पोराच्या लग्नाचं, मग जमिनीचं, गुरव प्रत्येक वेळी विचारणार, हाच प्रश्न काय? असं करत करत अर्धा तास गेला आणि शेवटी तो हळूच म्हणाला, सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे, त्याच्याकडे मी आपणहून जाऊ का. मग पाकळ्या लागल्या. आणि लागल्यावरसुद्धा लगेच काही पडत नाही, सगळे गप्प बसून त्या ओल्या दगडाकडे बघत राहतात, कधी पाच मिनिटं, कधी बराच वेळ.

तुझ्याकडे तो एक प्रश्न नाहीये. तुझ्या मेसेजमध्ये नोकरी आहे, बॉस आहे, ती मुलगी आहे, भाड्याची खोली आहे, वजन वाढलंय ते आहे, बाबांशी वाजलंय ते आहे, आणि सगळ्यांवर उपाय एकच, गावाला येतो. असा कौल लागत नसतो. वही घे, फोनच्या नोट्समध्ये नको, आणि ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही येईल असा प्रश्न लिही. पहिले आठ-दहा खोटे निघतील, खोडून टाक, परत लिही, हे एका बैठकीत होणारं काम नाहीच.

आणि रिकामा वेळ काढताना तुला अपराधी वाटतं असं तू लिहिलंस, काहीतरी वाया घालवतोय असं, ते वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आचऱ्याची गावपळण आठव. रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खा गाव घरांना कुलपं लावून गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो, तीन दिवस आणि तीन रात्री राहुट्यांमध्ये राहायचं, एकत्र रांधायचं, भजनं, फुगड्या, गप्पा, आणि परत यायचं तेही कौल घेऊनच. श्रीमंत, गरीब, दुकानदार, मास्तर सगळे. कामं पडून राहतात आणि त्यांना कोणी आळशी म्हणत नाही. तीन दिवस एका अख्ख्या गावाला परवडतात, तर तुला आठवड्यातून तीन तास का परवडू नयेत? आणि ते एकट्यानेच काढायचे असं पण नाही, एखादा मित्र घे, फक्त फोन घरी ठेवायचा.

जायचं कुठे म्हणशील तर समुद्र तुलाही आहेच की, नुसता फोनवर मेसेज आला, साडेचार मीटरची भरती, सखल भागात पाणी भरणार, की मग तुला आठवतो. आपल्याकडचे मासेमारी करणारे तिथीवरून भरती सांगतात ते शिकून घे. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. मुंबईत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, इकडे मालवणला भरती थोडी आधी येते, पण अंदाज बसतो. दादर चौपाटीला जा, गेलास की आधी स्वतः हिशोब कर, मग पाण्याकडे बघ, बरोबर आला का. दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येणार, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. तुझ्या डेडलाइनशी, अप्रेझलशी त्याचा काडीचा संबंध नाही. महिनाभर हे कर, आज तिथी कुठली हे कॅलेंडर न बघता सांगता यायला लागेल आणि मला खात्री आहे की त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच कळायला लागेल, आज मी चिडलोय, आज मी थकलोय, आज मला आईची आठवण येतेय. इतक्या साध्या गोष्टी आहेत बाबा, त्याच तुला कळेनाशा झाल्यात.

एक गोष्ट मात्र चौपाटीवर सोडू नको. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरळ डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागते, मराठीत बोलता येतं. त्यात लाज वाटून घ्यायचं काहीच नाही, आणि मला फोन केलास तरी मी उचलेन, कितीही वाजू देत.

राजीनामा आत्ता देऊ नको. मे महिन्यात ये, हल्ली पहाटे सीएसएमटीला वंदे भारत पकडलीस तर दुपारच्या जेवणाआधी कणकवलीला उतरतोस, मी न्यायला येतो. वही घेऊन ये. आणि होमस्टेचा विचार खरंच मनात असेल तर त्याच्यावर वेगळं बसून बोलू, कारण त्यात विहिरीला एप्रिल-मेमध्ये पाणी किती राहतं, कर्ज किती, पावसाळ्याचे चार महिने काय खायचं हे सगळं येतं. तोवर सातबारा काढून घे आणि त्याच्यावर किती नावं आहेत ती मोज, तुझ्या आजोबांच्या चारही भावांची पोरं त्यात आहेत आणि त्यातल्या दोघांच्या सह्या मिळवणं सोपं नाही.

काका