थेंबभर आयोडीन म्हणजे नेमके किती?

प्रश्न : बाटलीवर ‘ल्युगोल्स ५ टक्के’ लिहिले आहे. पूरक म्हणून रोज एक थेंब चालेल का?

नाही. ल्युगोल्स म्हणजे आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइड यांचे पाण्यातले द्रावण. आधी हिशेब बघा. ५ टक्के हा आकडा नुसत्या आयोडीनचा: १ मिलीत ५० मिग्रॅ. पण त्याच मिलीत १०० मिग्रॅ पोटॅशियम आयोडाइडही असते आणि त्यातला ७६.४ टक्के भाग आयोडीनच असतो. म्हणजे एकूण सुमारे १२६ मिग्रॅ. मिलीचे २० थेंब धरले, तर थेंबाला ६.३ मिग्रॅ, म्हणजेच ६,३०० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. एका थेंबात ४२ दिवसांचे आयोडीन पोटात जाते! सुरक्षित मानलेली रोजची कमाल मर्यादा अमेरिकेत १,१००, तर युरोपात ६०० मायक्रोग्रॅम आहे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टर हे द्रावण मोजके दिवसच देतात. त्यावरून रोजचा डोस ठरवू नका. घरी पातळ करण्याच्या भानगडीतही पडू नका, मोजण्यातली एक चूक दहापट डोस देऊन जाते.

प्रश्न : माझ्या सौम्य द्रावणाचे थेंब लहानमोठे पडतात. डोस कसा धरू?

‘मिलीला २० थेंब’ हा ठोकताळा पाण्याचा. अल्कोहोलातल्या द्रावणाचा थेंब बराच लहान असतो. ड्रॉपर तिरपा धरला किंवा रबर जोरात दाबले, तरी आकार बदलतो. म्हणून एकदा मोजून घ्या. ड्रॉपर सरळ उभा धरून छोट्या वाटीत सावकाश २० थेंब टाका आणि ते बिनसुईच्या १ मिली सिरिंजमध्ये ओढा. समजा ०.८ मिली भरले, तर एक थेंब ०.०४ मिलीचा. लेबलवर मिलीला ३,००० मायक्रोग्रॅम असेल, तर तुमच्या थेंबात १२० येतात, १५० नव्हे. लेबलवरचा ‘प्रति थेंब’ आकडा त्याच बाटलीच्या ड्रॉपरचा असतो. दुसरा ड्रॉपर लावला की तो लागू पडत नाही.

प्रश्न : लेबलवर ‘पोटॅशियम आयोडाइड २२५ मायक्रोग्रॅम’ आहे. हेच आयोडीन का?

नाही, त्यातला ७६.४ टक्के भागच आयोडीन. म्हणून ०.७६४ ने गुणा, १७२ येतात. मात्र ‘आयोडीन (पोटॅशियम आयोडाइडपासून)’ असे लिहिले असेल, तर तो आकडा आयोडीनचाच. पुन्हा गुणू नका.

प्रश्न : कातडीवर आयोडीन लावून डाग लवकर गेला, तर शरीरात कमतरता असते का?

मुळीच नाही. आयोडीन हवेत उडून जाते, कातडीवर त्याचे रंगहीन आयोडाइड होते. डाग त्यामुळे फिका पडतो. या चाचणीवर डोस वाढवणारे थायरॉइड बिघडवून घेतात.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू आहे. आयोडीन घेऊ का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जास्त आयोडीनने थायरॉइड मंदावते, तर कुणाची, विशेषतः गाठी असतील तर, अतिसक्रियही होते. अमिओडॅरोन ही हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरची गोळी घेणाऱ्यांनी तर मुळीच नको: तिच्या २०० मिग्रॅच्या एका गोळीतच सुमारे ७५ मिग्रॅ आयोडीन असते. एखादा दिवस आयोडीनचा डोस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.