वावर कोणाच्या नावावर अन् पेन्शन कोणाच्या खात्यात

या खेपेला रिटायरमेंटचेच प्रश्न जास्त आले. सोयाबीन विकून हाती थोडे पैसे आले असतील किंवा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत लागलेल्या लाइनी पाहून आठवण झाली असेल, काय माहीत. नावं काढली, तालुका तेवढा ठेवला.

दारव्हा तालुक्यातले गुरुजी विचारतात: जिल्हा परिषद शाळेत 1996 पासून आहे, जूनमध्ये 58 पूर्ण होतात. पेन्शन विकावी की विकू नये यावर स्टाफरूममध्ये रोज वाद. मुलगा म्हणतो सगळी रक्कम उचला, अमरावतीत प्लॉट घेऊ. एका पतसंस्थेचा माणूसही घरी येऊन गेला, 12 टक्के देतो म्हणते.

गुरुजी, तुमची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची म्हणजे तुम्ही जुन्या पेन्शनवाले, अर्धी लढाई तिथंच जिंकली. आता विकण्याचं पाहू, म्हणजे कागदावर ज्याला अंशराशीकरण म्हणतात ते. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, त्याची रक्कम एकदम मिळते, त्यावर टॅक्स नाही, आणि तेवढा भाग 15 वर्षं दर महिन्याला कापला जातो, 15 वर्षांनी पुन्हा पूर्ण पेन्शन चालू. दोन गोष्टी स्टाफरूममध्ये कोणी सांगत नाही. महागाई भत्ता कापलेल्या पेन्शनवर नाही तर मूळ पूर्ण पेन्शनवर मिळतो, आणि मधेच माणूस गेला तर राहिलेली कपात बायकोच्या कुटुंब पेन्शनमधून वसूल होत नाही. म्हणून ज्याला शुगर आहे, हार्टचा त्रास आहे, डोक्यावर घराचं कर्ज आहे, त्यानं बिनधास्त विकावी. तब्येत ठणठणीत, कर्ज नाही आणि पैसे घेऊन करायचं काय तेही ठरलेलं नाही, त्यानं कशाला विकायची? फक्त पोराला प्लॉट पाहिजे म्हणून विकणं मला काही पटत नाही. प्लॉटचं भाडं येत नाही, वरून कंपाउंड घाला, टॅक्स भरा, अन् दवाखान्याचं काम पडलं की आठ दिवसात प्लॉट विकला जात नाही, गिऱ्हाईक तुमची गरज ओळखून भाव पाडतो.

ग्रॅच्युइटी, जीपीएफची (पगारातून कापून जमलेल्या भविष्य निधीची) जी रक्कम येईल ती आधी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. लोकांना वाटते हे खातं 60 शिवाय निघत नाही, पण वयोमानानं रिटायर झालेल्याला 55 नंतरही निघते, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत काढायचं. हे तीन महिने सत्कार, जेवणावळी अन् तीर्थयात्रेत निघून जातात आणि मग 60 होईपर्यंत वाट पाहत बसावं लागते. मर्यादा 30 लाख, व्याज या घडीला 8.2 टक्के, दर तीन महिन्याला खात्यात. 20 लाख ठेवले तर तिमाहीला 41 हजार. व्याज करपात्र आहे बरं का, ते धरूनच हिशेब करा.

पतसंस्थेचं एकच विचारा त्या माणसाला, बुडाली तर कोण देईल? बँकेतल्या ठेवीला माणशी 5 लाखांपर्यंत विमा असतो, जिल्हा सहकारी बँकेलाही असतो, पतसंस्थेला तो नाही, ती बँकच नाही. सगळ्या वाईट असतात असं म्हणत नाही मी, पण 58 व्या वर्षी आयुष्याची कमाई चार टक्के जास्तीसाठी तिथं टाकायची नसते. ओळखीचा माणूस आहे हे तर कारणच होऊ शकत नाही, बुडालेल्यांचे पैसे ओळखीच्यानंच नेलेले असतात.

तुमच्याच शाळेत जे 2005 च्या नोव्हेंबरनंतर लागले त्यांचा हिशेब वेगळा. त्यांचं एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, रिटायर होताना जमलेल्या रकमेतले 60 टक्के हाती आणि 40 टक्क्यांची पेन्शन विकत घ्यावी लागते, ती किती बसेल हे त्या दिवशीच्या दरावर. त्यांनी आपल्या खात्यात सरकारचा हिस्सा महिन्याच्या महिन्याला पडतो का हे आतापासून तपासावं, रिटायरमेंटच्या महिन्यात नाही.

मेहकर तालुक्यातून एसटीचे रिटायर ड्रायव्हर: 30 च्या वर वर्षं गाडी चालवली, 2019 ला रिटायर झालो, पेन्शन 3,100 रुपये. माझ्याच वयाच्या तलाठ्याला याच्या दहापट. काहून? आणि माझ्यामागं बायकोला काय?

भाऊ, कारण तुमची पेन्शन सरकारी नाही, ती ईपीएस-95 म्हणजे पीएफवाल्यांची. तिचं सूत्र पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले 70. पण पगार म्हणजे तुमचा खरा पगार नव्हे, त्याला वरून झाकण लावलेलं, सप्टेंबर 2014 च्या आधी 6,500 आणि त्यानंतर 15,000. आणि योजनाच नोव्हेंबर 1995 पासूनची, त्याआधीच्या नोकरीचे अगदी किरकोळ पैसे धरतात. तुमचं मांडून पाहू: 1995 ते 2014 ची जवळपास 19 वर्षं 6,500 नं, त्याचे झाले 1,750 च्या आसपास, पुढची 5 वर्षं 15,000 नं, त्याचे 1,071. वर 20 वर्षांपेक्षा जास्त नोकरीची 2 वर्षं बोनस म्हणून आणि जुन्या नोकरीचे थोडे. म्हणजे 3,100 च्या आसपासच बसते, हिशेबात मोठी चूक दिसत नाही, नियमच तसा आहे. तलाठ्याच्या पेन्शनला महागाई भत्ता लागतो, याला लागत नाही, म्हणून 2019 चा आकडा आज तसाच दिसून राहिला. किमान पेन्शन 2014 पासून 1,000 वर अडकलेली आहे आणि ती वाढवा म्हणून याच बुलडाणा जिल्ह्यात पेन्शनर उपोषणाला बसले, तुम्हालाही माहीतच असेल. माझं मत विचाराल तर मागणी रास्त आहे, हजार रुपयात आजच्या दिवशी गॅस सिलिंडर घेतलं की भाजीचेही पैसे उरत नाही.

बायकोला तुमच्या निम्मी मिळेल, हजारापेक्षा कमी नाही. आज एक काम करा, पेन्शनच्या कागदावर, आधारवर आणि बँक पासबुकावर तिचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का पाहा. एकीकडे माहेरचं नाव, एकीकडे ‘बाई’ लावलेलं, एकीकडे नाही, असं असलं की तुमच्यामागं तिला ऑफिसच्या चकरा. हे काम तुमच्या हयातीत तासाभरात होते, नंतर वर्ष जाते.

हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरच पाहिजे असं ईपीएसवाल्यांना नाही, केव्हाही द्या, दिल्यापासून एक वर्ष चालतो. अंगठा उमटत नाही ही तक्रार खूप येते, स्टिअरिंग अन् पाना धरून रेषा घासलेल्या असतात, मशीनवाला चारदा हात पुसायला लावते आणि शेवटी उद्या या म्हणते. त्याच्या नादी लागू नका, मोबाइलवर चेहऱ्यावरून दाखला निघतो, नातवाला सांगा, फक्त घरातल्या अंधारात नाही, ओसरीवर उजेडात बसा आणि सांगितलं की डोळे मिचकवा.

समुद्रपूर तालुक्यातले शेतकरी, वय 71: साडेपाच एकर वावर, कोरडवाहू. दोन पोरं, एक पोरगी, पोरगी दिली वरोऱ्याला. थोरला म्हणतो बाबा आता तुमच्यानं होत नाही, फेरफार करून द्या आमच्या नावावर. बायको म्हणते देऊन टाका, घरात कटकट नको. तुम्ही सांगा.

काकाजी, घाई करू नका. नोकरीवाल्याला 58 ला सरकार घरी बसवते आणि पेन्शन देते, शेतकऱ्याला गुडघे बसवतात आणि देत कोणीच काही नाही, तुमची पेन्शन म्हणजे ते वावरच.

पण आधी थोरल्याच्या बाजूनं बोलतो. सातबारावर नाव नाही तर पीककर्ज त्याला मिळत नाही, सोसायटीत तुम्हालाच न्यावं लागते, विम्याला, नुकसानभरपाईला तुमचाच अंगठा. चाळीशीतला माणूस अजून बापाच्या सहीसाठी थांबते, त्याची चिडचिड खोटी नाही. सगळी पोरं जमीन लाटायलाच बसली असतात असं समजू नका.

आता तुमची बाजू. सगळं नावावर करून दिलं की पहिल्यांदा जाईल ते पीएम किसान, वर्षाचे 6,000, आणि त्याच्यासोबत राज्याच्या नमो शेतकरीचे 6,000. आणि ते पोराला लागतील असंही नाही, कारण त्या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 ची तारीख आहे, त्यानंतर नावावर झालेल्या जमिनीला लाभ नाही, बाप वारल्यावर वारसानं आली तर गोष्ट वेगळी. म्हणजे घरातले 12,000 उगाच गेले. दुसरं, औषधाला पैसे लागले की सुनेकडे मागायचे, ती काही नाही म्हणणार नाही कदाचित, पण मागावं तर लागेल ना.

मी तुमच्या जागी असतो तर साडेपाचही दिले नसते आणि साडेपाचही अडवले नसते. तीन-साडेतीन एकर पोरांना द्या, दोन एकर तुमच्या आणि काकूंच्या नावावर राहू द्या. ते दोन एकर पोरालाच ठेक्यानं द्या, बटईनं द्या, पण ठरलेला ठेका दर हंगामाला तुमच्या खात्यात आला पाहिजे, मोजून, लेकाकडून घेतो म्हणून लाजू नका. त्या दोन एकराचं मृत्युपत्र करून ठेवा, त्याला स्टॅम्प लागत नाही, केव्हाही बदलता येते, आणि हयातीत नाव तुमचंच राहते.

जे द्यायचं ते बक्षीसपत्रानं देत असाल तर त्यात एक वाक्य लिहून घ्या, दस्त लिहिणाऱ्याला विसरू देऊ नका: घेणारानं देणाराचा आणि त्याच्या पत्नीचा हयातभर सांभाळ, जेवणखाण आणि औषधपाणी करायचं. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम 23 आहे, ही अट असून सांभाळ केला नाही तर तो दस्त रद्द करून मिळतो. अट लिहिलेली नसली की तिथंच गाडी अडकते, केस उभी राहत नाही असं नाही पण फार जड जाते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा, वकिलाशिवाय चालतो, महिन्याला 10,000 पर्यंत पोटगीही मिळू शकते. हे वाक्य लिहा म्हटल्यावर ज्याचा चेहरा पडेल त्याला वावर द्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आणि वाटणी करताना वरोऱ्याच्या पोरीलाही सोबत घेऊन बसा. वावर वडिलोपार्जित असेल तर 2005 पासून तिचा पोरांइतकाच हक्क आहे, तिला न विचारता केलेली वाटणी पुढं कोर्टात जाते. बहुतेक पोरी भावासाठी सोडून देतात, पण विचारून सोडणं वेगळं.

एक राहिलं, तुम्ही 70 च्या वर आहात म्हणजे आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, आधार घेऊन जा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचा भरतीचा खर्च निघते. मोतीबिंदूसाठी शेत विकायची वेळ येऊ नये.

तुमसर तालुक्यातून, नवरा-बायको दोघंही 35: दीड एकर धान, बाकी मजुरी. किसान मानधन भरावं की अटल पेन्शन? सेंटरवाला एक सांगते, बँकवाला दुसरं.

दोघंही आपापल्या कामाचं सांगतात, त्यांना टार्गेट असते. 35 व्या वर्षी किसान मानधनात महिन्याला 150 रुपये, तेवढेच केंद्र सरकार टाकते, 60 नंतर 3,000 पेन्शन. अटलमध्ये 35 ला तेवढ्याच 3,000 साठी 543 भरावे लागतात आणि 5,000 पाहिजे तर 902. पाहिलं तर मानधन सरळ स्वस्त. पण मानधनात माणूस गेला की जोडीदाराला निम्मी आणि दोघांनंतर पोरांना काही नाही, अटलमध्ये जोडीदाराला पूर्ण आणि दोघांनंतर वारसाला एकरकमी मिळते, 3,000 च्या पेन्शनला 5.1 लाख. दोन्हीला वयाची अट 40, म्हणजे तुमच्याजवळ पाचच वर्षं आहेत, आणि नाव टाकायला जितका उशीर कराल तितका हप्ता जास्त बसतो.

मी सांगेन दोघांनीही मानधनात नावं टाका, मिळून 300 रुपये झाले, ते पीएम किसानच्या पैशातून कापायचा पर्यायही असतो. पण 3,000 म्हणजे म्हातारपण निघालं असं डोक्यात घेऊ नका बाप्पा, 25 वर्षांनी महागाई 6 टक्क्यानं जरी धरली तरी त्याची किंमत आजच्या 700 रुपयांएवढी होते. किराणा निघेल, दवाखाना नाही. दिवाळीत धान विकून जे उरते त्यातले थोडे पोस्टात पीपीएफला टाकत जा, वर्षाला 500 नंही खातं चालू राहते.

दर्यापूरहून एक मुलगी आईसाठी विचारते: आई 65 ची झाली, लाडक्या बहिणीचे पैसे बंद झाले. आता श्रावणबाळ (म्हाताऱ्यांसाठीची राज्याची पेन्शन) लागेल का?

ताई, वय बसते, 65 च लागते. पैसेही तेवढेच, 1,500. अडचण उत्पन्नाची आहे. लाडक्या बहिणीला कुटुंबाची मर्यादा अडीच लाख होती, श्रावणबाळला वर्षाचे 21,000, म्हणजे महिन्याला 1,750. एवढ्यात कोणतं कुटुंब जगते ते दाखला देणाऱ्यालाही माहीत आहे आणि मागणाऱ्यालाही. बीपीएल यादीत नाव असेल तर ते आधी पाहा, तिथून रस्ता सोपा आहे. नसेल तर आईचं नाव तुमच्या भावाच्या रेशन कार्डात आहे की तिचं कार्ड वेगळं, यावर बरंच अवलंबून राहील, ते तपासून मगच पटवाऱ्याकडे जा. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, 15 वर्षं राज्यात राहत असल्याचा रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, एवढं घेऊन सेतूत अर्ज करा. मंजुरी तहसीलला समितीच्या बैठकीत होते, बैठक केव्हा लागेल ते विचारत राहा आणि पावती सांभाळून ठेवा, पावतीशिवाय तिथं कोणी ओळख देत नाही.