तुम्ही विचारलंत: आईसाठी संपाताचा दिवस

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरची, वय 46. आई गेल्या दिवाळीआधी गेली. श्राद्ध भाऊ करतो, नीट करतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही पण मला माझ्यापुरतं काहीतरी हवंय. इन्स्टाग्रामवर बघितलं की 22-23 सप्टेंबरला दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा लोक मेणबत्त्या लावतात, सफरचंदं, केशरी पानं मांडतात, डायरी लिहितात. माझी मामेबहीण जपानात असते, ती म्हणते तिकडे त्या दिवशी चक्क सुट्टी असते. मी असं काही केलं तर चालेल का, त्याला मुहूर्त असतो का? आणि मोबाइलवर त्या दिवशीचे सूर्योदय-सूर्यास्त बघितले तर दिवस सहा-सात मिनिटं मोठाच दिसतो, मग सारखे कुठे?

उत्तर: चालेल का असं विचारूच नका हो, आई तुमची आहे.

आधी मिनिटांचं सांगते. आपण सूर्याची वरची कड दिसली की सूर्योदय म्हणतो आणि वरची कड बुडाली की सूर्यास्त, त्यात हवेमुळे किरण वाकतात म्हणून सूर्य खरा क्षितिजाखाली असतानाच आपल्याला दिसतो, ती मिनिटं दिवसाच्या खात्यात जातात. संपात म्हणजे खरं तर एक क्षण, सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर येतो तो. 2026 मध्ये तो 23 सप्टेंबरला पहाटे 5:35 च्या सुमारास आहे, 2025 मध्ये 22 तारखेला रात्री पावणेबाराच्या पुढे होता आणि त्याच दिवशी घटस्थापनाही होती. दरवर्षी साधारण सहा तास पुढे सरकतो, लीप वर्षात मागे येतो. मुहूर्त म्हणाल तर तेवढाच. आपल्या राष्ट्रीय पंचांगात आश्विन महिना 23 सप्टेंबरलाच सुरू होतो, तेव्हा हा दिवस आपल्याला अगदीच परका नाही.

केशरी पानं मात्र नका आणू. ती तिकडच्या थंडीची खूण, तिथे त्या पानांना अर्थ आहे. आपल्याकडे तेव्हा राधानगरीच्या बाजूला भात निसवत असतं, बांधावर तेरडा, सोनकी फुललेली, सगळं हिरवंगार. प्लास्टिकची पानं मांडून आई आठवायची नाही.

जपानचं तुमची बहीण म्हणते ते खरंय आणि मला ते फार जवळचं वाटतं. संपाताच्या आधीचे तीन दिवस, नंतरचे तीन आणि मधला तो, असा सात दिवसांचा हिगान. हिगान म्हणजे पलीकडचा किनारा, आपला पैलतीरच की! लोक घरच्यांच्या थडग्यावर जातात, दगड धुतात, फुलं ठेवतात, चिकट तांदळाचे गोळे करतात, त्याला बाहेरून अझुकीचं, म्हणजे तिकडच्या एका लाल कडधान्याचं, गोड पुरण, म्हणजे आपल्या पुरणपोळीच्या उलट. शेताच्या बांधावर तेव्हा लालभडक फुलं येतात, देठाला एकही पान नसतं. 1948 च्या कायद्यापासून ती सुट्टी आहे आणि कायद्यातच लिहिलंय की पूर्वजांचा मान राखायचा, गेलेल्यांची आठवण काढायची.

आता मी काय करते ते सांगते. बाबा गेले त्या वर्षी मला काही सुचत नव्हतं, नुसती गच्चीवर जाऊन बसायचे. त्या सप्टेंबरात जुन्या छत्रीची सरळ दांडी एका कुंडीत उभी रोवली आणि सावलीचं टोक जिथे पडेल तिथे खडूने खूण, दर अर्ध्या तासाने, सकाळी दहापासून दोनपर्यंत. मधेच ढग आले, दोन खुणा हुकल्या. अर्ध्या तासात टोक पाच-सहा इंच सरकतं, आणि पुढच्या खुणेपर्यंत करायला काहीच नसतं, बसायचं फक्त. मी बाबांचं एकेक आठवत बसले, त्यांचा चष्मा पुसायचा प्रकार, रागावले की पेपर घडी घालून बाजूला ठेवायचे ते. शेवटी सुतळी ताणली तर सगळ्या खुणा एका सरळ रेषेत! वर्षाच्या बाकीच्या दिवसांत ती रेघ वाकते, संपाताच्या आसपासच सरळ येते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. मी त्या रेघेजवळ बसून खूप रडले. बरं वाटलं.

तुम्ही तर कोल्हापूरच्या, अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव बघत मोठ्या झालेल्या. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी, म्हणजे 21-22 डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे जवळपास सारख्याच अंतरावर, सूर्य त्याच जागी मावळतो म्हणून किरणं दोनदा आत येतात. सूर्य कुठे मावळतो ते बघायची तुमच्या गावाला सवय आहे. संपाताला तो बरोबर पश्चिमेला मावळतो, घरातून नेमकं कुठे ते एकदा बघून ठेवा, दरवर्षी तिथे बघता येईल.

दांडी गच्चीच्या मधोमध लावा, कठड्याजवळ नको, सकाळी कठड्याचीच सावली पडते. एक मीटरची असेल तर कोल्हापुरात भर दुपारी, साडेबाराच्या जरा आधी, सावली 30 सेंटीमीटरच्या आसपास येईल, ती दिवसातली सगळ्यात छोटी. डायरी लिहायची असेल तर दोन खुणांच्या मधे लिहा, नाही सुचलं तर नका लिहू. भावाला बोलवावंसं वाटलं तर बोलवा, त्यालाही बसायला जागा हवीच असेल. आणि आई जे करायची ते त्या दिवशी करा, लाल भोपळा तेव्हा बाजारात असतो, घारगे करत असतील तर घारगे.