पाव सेकंदात पिस्तूल काढणारा खऱ्या चकमकीत टिकेल का?

बॉब मंडन या अमेरिकन प्रदर्शन-नेमबाजाची चित्रफीत पाहून तुम्ही विचारलंय की असा माणूस खऱ्या चकमकीत अजिंक्यच ठरेल ना, आणि ठरत असेल तर लष्कर-पोलीस हेच का शिकवत नाहीत? शिवाय हे आपल्याकडे कुठे शिकता येईल का, असंही विचारलंय. अजिंक्य ठरणार नाही, हे थोडक्यात उत्तर. पण असल्या चित्रफितींना निव्वळ सर्कस म्हणून उडवून लावणारेही मला पटत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी रेंजवरचा माणूस आहे. स्पर्धेतली पिस्तूल नेमबाजी केली, नंतर शिकवली. माझ्यावर कधी कुणी गोळी झाडलेली नाही, त्यामुळे चकमकींबद्दल जे सांगतोय ते साक्षी, नोंदी आणि अहवाल वाचून.

मंडन २०१२ साली वारला. त्याच्या हाताचा वेग खरा होता, कॅमेऱ्याची करामत नव्हे. सहा फूट अंतराने लावलेले दोन फुगे तो कमरेवरून असे फोडायचा की दोन गोळ्या सुटूनही कानाला एकच बार ऐकू यायचा. आता ती चित्रफीत पुन्हा लावा आणि फक्त एवढंच बघा, की घड्याळ कधी सुरू होतं. मंडनचा हात हलतो तेव्हा. हात कधी हलवायचा हे त्याचं त्याने आधीच ठरवलेलं असतं. फुगे किती, कुठे, त्यातला एखादा फोडायचा नाहीये का, यातलं काहीही त्याला त्या क्षणी ओळखायचं नसतं. आणि फुगा उलट गोळी झाडत नाही.

याहून चांगलं उदाहरण डेल्फ ब्राइसचं आहे. ओक्लाहोमाचा हा एफबीआय एजंट खऱ्या चकमकींतून गेलेला होता, म्हणून त्याला प्रदर्शनवाला म्हणून बाजूला सारता येत नाही. १९४५ साली ‘लाइफ’ मासिकाने त्याच्या पिस्तूल काढण्याची छायाचित्रं छापली. उजव्या हाताने खांद्याच्या उंचीवरून नाणं सोडायचं, त्याच हाताने रिव्हॉल्व्हर काढायचं आणि नाणं कमरेखाली जाण्याआधी उडवायचं, हा त्याचा गाजलेला खेळ. हिशेब करून बघा: खांद्यापासून कमरेपर्यंतचे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर पडायला नाण्याला जेमतेम ०.३ सेकंद लागतात. अफाट वेग आहे. पण नाणं सोडणारा तोच. इशारा देणारा आणि इशारा पाळणारा एकच असेल, तर प्रतिक्रियेला लागणारा वेळ शून्य धरायला हरकत नाही. समोरचा माणूस कधी हात घालेल हे मात्र ब्राइसलासुद्धा आधी कळणार नव्हतं.

शिस्तशीर स्पर्धांमध्ये निदान इशारा तरी दुसऱ्याच्या हातात असतो. ‘फास्ट ड्रॉ’ म्हणजे झटक्यात पिस्तूल काढून झाडण्याचा हा खेळ रूढ केला तो डी वूलमने. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या उद्यानात १९५०च्या दशकात तो प्रेक्षकांसाठी आगगाडीवर खोटा दरोडा घालायचा. आजच्या काउबॉय फास्ट ड्रॉ स्पर्धेत ‘सेट’ म्हटल्यावर २ ते ५ सेकंदांच्या आत लक्ष्यावरचा दिवा लागतो, आणि तिथपासून मेणाची गोळी लक्ष्यावर आपटेपर्यंतचा वेळ मोजतात. पट्टीचे खेळाडू अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतात. त्यातले ०.२ सेकंदांच्या आसपास दिवा दिसून हात हलायलाच जातात. तरीही दिवा एक आणि त्याचा अर्थ एक. १९५२ साली विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पर्याय वाढले की प्रतिक्रियेचा वेळ वाढत जातो. चकमकीत पर्याय भरपूर असतात: त्याच्या हातात पिस्तूल आहे की मोबाइल, तो शरण येतोय की वळून झाडणार आहे, त्याच्या मागे कोण उभं आहे.

हे न ओळखता हात चालला तर काय होतं, याचा दाखला जुन्या अमेरिकन पश्चिमेतला नामांकित बंदूकबाज, खुद्द वाइल्ड बिल हिकॉकच्या नावावर आहे. कॅन्सासमधल्या अॅबिलीन गावात तो मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख होता. ५ ऑक्टोबर १८७१च्या रात्री फिल को नावाच्या जुगाऱ्याशी त्याची चकमक झाली. कोला गोळी घातल्यावर बाजूने कुणीतरी धावत येताना दिसलं, हिकॉकने गर्रकन वळून झाडली. तो माइक विल्यम्स होता, हिकॉकचाच मदतनीस, त्याच्याच मदतीला धावत आलेला. जागीच गेला. हात जराही चुकला नव्हता.

‘जो आधी काढतो तो मरतो’ हा सिनेमातला नियमही जाता जाता पाहू, कारण तो एका मोठ्या शास्त्रज्ञाने मनावर घेतला होता. नील्स बोर यांना काउबॉय सिनेमांचं वेड होतं. खलनायक आधी हात घालूनही नायकच का जिंकतो, याचं त्यांचं उत्तर असं की ठरवून केलेल्या हालचालीपेक्षा प्रतिक्रिया म्हणून झालेली हालचाल जलद असते. त्यासाठी त्यांनी जॉर्ज गॅमॉव या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर खेळण्यातली पिस्तुलं घेऊन द्वंद्वही केलं. २०१० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात अँड्र्यू वेल्चमन आणि सहकाऱ्यांनी बटणं दाबायला लावून हे तपासलं. बोर अर्धे बरोबर निघाले. प्रतिक्रियेतली हालचाल साधारण २१ मिलिसेकंदांनी जलद होती, पण प्रतिक्रिया सुरू व्हायलाच २०० मिलिसेकंद जातात. म्हणजे नायक मरतो. शिवाय अशा हालचालीत चुकाही जास्त झाल्या.

मग ज्या काळावर हा सगळा खेळ बेतलाय, त्या काळात माणसं कशी लढत होती? अॅरिझोनातल्या टूमस्टोनची, २६ ऑक्टोबर १८८१ची ओ. के. कोरलची चकमक घ्या. एका बाजूला वायट अर्प, त्याचे भाऊ आणि एक मित्र, दुसऱ्या बाजूला क्लँटन-मॅक्लॉरी टोळी. प्रत्यक्षात ती कोरलमध्ये, म्हणजे घोड्यांच्या वाड्यात, झालीच नाही, जवळच्या एका मोकळ्या, अरुंद जागेत झाली. अंतर काही फूट, सुमारे ३० सेकंदांत सुमारे ३० गोळ्या, तीन मेले. इतक्या जवळून, आणि झाडणारे सगळे बंदुकीत वाढलेले. नंतरच्या सुनावणीत वायट अर्पने सांगितलं की त्याचं पिस्तूल ओव्हरकोटच्या खिशात होतं. मांडीला बांधलेला होल्स्टर (पिस्तुलाचं चामडी म्यान) नाही, काही नाही. बिली क्लँटनने त्याच्यावर पिस्तूल रोखलं होतं, तरी अर्पने नेम धरला तो फ्रँक मॅक्लॉरीवर, कारण फ्रँक चांगला नेमबाज आणि धोकादायक माणूस म्हणून ओळखला जात होता. माझ्या मते त्या अर्ध्या मिनिटातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. आपल्यावर रोखलेली नळी दिसत असताना आधी कुणाला आडवा करायचा हे त्याने ठरवलं. आपल्या बाजूच्या चौघांपैकी ओरखडा न उठलेला तो एकटाच.

रस्त्याच्या मध्यभागी समोरासमोर उभं राहून झालेलं द्वंद्व म्हणून ज्याची आठवण निघते, ते हिकॉक आणि डेव्हिस टटचं, २१ जुलै १८६५, मिसुरीतलं स्प्रिंगफिल्ड. अंतर होतं सुमारे ७५ यार्ड! एवढ्या अंतरावर पाव सेकंद आधी काढून काही मिळत नाही. टटची गोळी वाया गेली, हिकॉकची छातीत बसली. आणि शेवटी हिकॉक मेला तो १८७६ साली डेडवूडमध्ये, पत्ते खेळताना, पाठीमागून झाडलेल्या गोळीने.

सामानाचंही सांगायला हवं, पण थोडक्यात. फास्ट ड्रॉचा आतून पत्रा लावलेला होल्स्टर १८८०चा नाही, आर्व्हो ओयालाने तो १९५०च्या दशकात हॉलिवूडसाठी केला. पत्र्यामुळे चामडं सिलिंडरला धरत नाही आणि पिस्तूल आत असतानाच त्याचा घोडा (हॅमर) ओढता येतो. जुने होल्स्टर खोल आणि कमरेला उंच असत; पिस्तूल घोड्यावरून पडू नये ही त्यांची पहिली काळजी. स्पर्धेतली मेणाची गोळी दारूशिवाय नुसत्या प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) उडते, त्यामुळे मागे धक्का जवळजवळ नसतो. खऱ्या काडतुसांनी हाच खेळ करायला जाऊन त्या दशकात बऱ्याच हौशी लोकांनी स्वतःच्याच पायात गोळ्या घालून घेतल्या.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. प्रदर्शनाची पद्धत आणि लढाऊ पद्धत एकाच मैदानावर समोरासमोर आली, आणि निकाल सगळ्यांनी पाहिला, असं एकदा झालंय. जेफ कूपर हा अमेरिकन मरीनमधला माजी अधिकारी १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक इथे ‘लेदरस्लॅप’ नावाच्या स्पर्धा घेऊ लागला. दोन नेमबाज, २१ फुटांवर १८ इंची फुगे, आधी सगळे फोडेल तो जिंकला. हत्यार कुठलंही, पद्धत कुठलीही. बहुतेक जण अर्थातच सिनेमासारखे कमरेवरून झाडत. पहिला बार विजेसारखा निघायचा आणि गोळी फुग्याशेजारून जायची. मग दुसरी, मग तिसरी. रिव्हॉल्व्हर रिकामं, फुगे हलताहेत. जॅक वीव्हर हा लॉस एंजेलिस काउंटीचा पोलीस, तिथल्या रेंजवरचा अधिकारी. त्याने एक साधी गोष्ट केली. पिस्तूल दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणलं, नळीवरची माशी (नेम धरायची खूण) पाहिली आणि मग चाप ओढला. पहिला बार त्याचा क्षणभर उशिरा व्हायचा, पण फुगा फुटायचा. १९५९ साली तो जिंकला. कूपरने आपली सगळी शिकवण त्याभोवती फिरवली आणि पुढे १९७६ साली अॅरिझोनात गनसाइट ही प्रशिक्षण संस्था काढली. आज जगभरचे पोलीस दोन हातांनी, डोळ्यांच्या उंचीवर पिस्तूल धरतात, त्या सवयीचा मोठा वाटा इथला आहे. लक्षात घ्या, हे फुगेही उलट झाडत नव्हते. तिथेच ही गत, तर पुढचं विचारायला नको.

एक गोष्ट मात्र कूपरपंथी लोक कबूल करत नाहीत, मी करतो. फेअरबर्न आणि साइक्स या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत (ज्यात आपले शीख शिपाईही मोठ्या संख्येने होते) जी पद्धत बसवली, तिच्यात अगदी जवळच्या अंतरावर माशी न पाहताच झाडायला शिकवत. अंधाऱ्या जिन्यात दोन पावलांवर माणूस उभा असताना माशी शोधायला वेळ नसतो. पण ते शिक्षण खऱ्या चकमकींच्या अनुभवातून आलं होतं, आणि त्यातही पिस्तूल आधीच हातात घेऊन आत शिरण्यावर भर होता.

खऱ्या चकमकीत नेम किती लागतो? न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाचा रँड संस्थेने २००८ साली अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या साधारण १८ टक्के गोळ्या लागल्या. समोरून गोळीबार नसताना ३० टक्के. हे सगळे रेंजवर कागदी लक्ष्यावर उत्तीर्ण झालेले लोक. लक्ष्य हलतं, प्रकाश कमी असतो, आपणही आडोसा शोधत पळत असतो. भीतीने नजर बोगद्यासारखी अरुंद होते, कान बंद झाल्यासारखे होतात, बोटांची नाजूक कामं बिघडतात.

११ एप्रिल १९८६ची मायामीची चकमक तर मी शिकवताना हमखास सांगतो. एफबीआयचे आठ एजंट आणि दोन दरोडेखोर, काही मिनिटांत दीडशेच्या घरात गोळ्या. बेन ग्रोगन हा तिथल्या कार्यालयातला सर्वोत्तम नेमबाज मानला जायचा. गाड्यांच्या धडकेत त्याचा चष्मा उडाला. त्याचा सहकारी जेरी डोव्ह याची गोळी प्लॅट या दरोडेखोराच्या छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली. कालांतराने जीव घेईल अशी ती जखम होती, पण तेवढा वेळ कुणाकडे होता? प्लॅट लढत राहिला आणि त्याने ग्रोगन आणि डोव्ह दोघांना मारलं. शेवट केला एडमुंडो मिरेलेसने. डावा हात निकामी झालेला, शॉटगन एका हाताने भरत झाडली, मग रिव्हॉल्व्हर काढून चालत गेला. यात पिस्तूल काढण्याचा वेग कुठे मोजणार?

लष्कराचं उत्तर तर अगदी सरळ आहे. सैनिकाचं मुख्य हत्यार रायफल. पिस्तूल ती बंद पडली तर. आणि ती आधीच हातात असते. गंमत म्हणजे, फास्ट ड्रॉचं वेड शिखरावर होतं त्याच दशकात अमेरिकन लष्कराने आपलं रायफल प्रशिक्षण बदललं. ‘ट्रेनफायर’ या पद्धतीत ठरावीक अंतरावरच्या गोल लक्ष्यांऐवजी माणसाच्या आकाराची लक्ष्यं झाडोऱ्यात अनोळखी अंतरावर उभी राहतात आणि पडतात. शिकाऊ सैनिकाला आधी ते शोधावं लागतं. त्यांनी वाढवलं ते शोधणं आणि ओळखणं.

मग प्रदर्शनवाल्यांकडून घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते एड मॅकगिव्हर्नकडे आहे. मोंटानाचा हा गृहस्थ २० ऑगस्ट १९३२ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी, डबल अॅक्शन (चाप ओढला की घोडाही आपोआप मागे जातो अशा) रिव्हॉल्व्हरमधून १५ फुटांवर ०.४५ सेकंदांत पाच गोळ्या झाडून गेला, आणि पाचही भोकं अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकली गेली. आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा ते किंचितच मोठं. यात काढण्याचा भागच नाही. रिव्हॉल्व्हर आधीच हातात आहे. आहे ते फक्त चापावरचं बोट. प्रत्येक वेळी जड चाप शेवटपर्यंत ओढूनही नळी न हलवणं हे कौशल्य रेंजवर, चकमकीत, कुठेही जसंच्या तसं उपयोगी पडतं. मॅकगिव्हर्नने पोलिसांच्या प्रशिक्षणातही लक्ष घातलं, ते उगाच नव्हे. मंडनचा मनगटाचा झटका पाहून टाळ्या वाजवाव्यात; शिकायचं असेल तर मॅकगिव्हर्नचं बोट शिकावं.

आपल्याकडे शिकण्याबद्दल: क्लबांमध्ये जे शिकवतात ते मुख्यतः ऑलिम्पिक प्रकारांतलं, आणि त्यातल्या एकाही प्रकारात होल्स्टर नाही. वेगाची हौस असेल तर कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण जिंकलं, तो २५ मीटर पिस्तूल प्रकार बघा. त्याच्या रॅपिड टप्प्यात हात ४५ अंशांवर खाली, इशारा मिळाला की वर उचलायचा आणि ३ सेकंदांत एक गोळी १० सेंटिमीटरच्या वर्तुळात. ऐकायला निवांत वाटतं, करून बघाल तेव्हा ३ सेकंद किती लवकर संपतात ते कळेल. पण सुरुवात १० मीटर एअर पिस्तूलनेच करा, जवळच्या क्लबात चौकशी करा, आणि होल्स्टरवर पैसे घालवू नका.