आगीच्या नकाशावरचा ठिपका कसा वाचावा

नासाचा फर्म्स नकाशा, म्हणजे उपग्रहांनी टिपलेल्या आगी ठिपक्यांनी दाखवणारा ऑनलाइन नकाशा, उघडलात की आधी एकच थर चालू ठेवा, व्हीर्स या उपग्रहावरच्या उपकरणाचा. त्यातला ठिपका म्हणजे सुमारे 375 मीटरच्या चौकोनाचा मध्यबिंदू. मोडिस या दुसऱ्या उपकरणाचा चौकोन 1 किलोमीटरचा. त्यामुळे कितीही झूम केलंत तरी आग नेमकी त्याच झाडाला लागलीय असं धरू नका. नवखे हमखास इथेच फसतात. ठिपक्यावर क्लिक करून वेळ बघा, ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे की स्थानिक तेही. दिवसाचा, कमी खात्रीचा ठिपका पुष्कळदा पाण्यावरची उन्हाची तिरीप निघते. एकाच जागी महिनोन्‌महिने ठिपका दिसला, तर बहुधा ती कारखान्याची भट्टी. आणि ठिपका नाही म्हणजे आग नाही, असंही नाही. दाट ढगांखालचं उपग्रहाला दिसत नाही.