जबाबावरचा अंगठा

प्रिय मुली,

रविवारी रात्री तू फोनवर विचारलंस, "काका, मी काय करू?" आणि मी नुसतं "विचार करून सांगतो" म्हणालो. खरं तर उत्तर मला तेव्हाच माहीत होतं. पण ते सांगायचं तर माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल आणि ती फोनवर सांगवली नसती. म्हणून हे पत्र.

पोलिसांविरुद्धचा तो तक्रार अर्ज चौकशीसाठी तुझ्या नावावर मार्क झाला आहे. अर्जदार रिक्षावाला आहे. त्याचं म्हणणं, त्याला रात्रभर पोलीस स्टेशनला बसवून ठेवलं, मारलं आणि डायरीला कुठेही नोंद केली नाही. आरोप ज्या हवालदारांवर आहे, त्यांनीच तुला पहिला पंचनामा लिहायला शिकवला, पहिल्या नाइटला तुझ्यासाठी डबा ठेवला. आणि साहेबांनी सांगितलं आहे, "आठ दिवसांत जबाब घे आणि अहवाल दे."

ही चौकशी तू करू नकोस.

घाबरून अंग काढून घे असं मी म्हणत नाही. अर्ज कसा फिरतो ते तू आता पाहिलं आहेसच. माणूस आयुक्तालयात जाऊन आवक शिक्का मारून घेतो, त्याला वाटतं आपली तक्रार मोठ्या साहेबांकडे पोचली. तिथून ती उपायुक्तांकडे, तिथून सहायक आयुक्तांकडे, तिथून वरिष्ठ निरीक्षकांकडे येते. प्रत्येक टेबलावर एकच ओळ चढते: 'चौकशी करून अहवाल सादर करावा.' चार सह्या होऊन कागद त्याच इमारतीत परत येतो, जिथे त्या माणसाला मारल्याचा आरोप आहे. मग त्याला फोन जातो, "जबाबाला या." ज्या दरवाजातून बाहेर पडताना तो हात जोडून पडला होता, त्याच दरवाजातून त्याला पुन्हा आत यायला आपण सांगतो.

१९९७ च्या पावसाळ्यात माझ्याकडे असाच एक अर्ज आला होता. मी तुझ्यासारखाच नवा उपनिरीक्षक होतो. पोलीस स्टेशन कोणतं ते सांगत नाही. अर्जदार वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता, पंचविशीचा असेल. अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला होता. अक्षर अजून डोळ्यांसमोर आहे. आखीव कागदावर निळ्या शाईने, शाळेत कित्ता गिरवल्यासारखं, एकही खाडाखोड नाही.

मी त्याला बोलावलं. माझ्यासमोर बसवलं, चहा मागवला. ज्या हवालदाराविरुद्ध तक्रार होती तो दारात येऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही. नुसता उभा होता. मी त्याला जा म्हणालो नाही. दोन दिवसांपूर्वी एका मोर्च्याच्या बंदोबस्तात माझ्यावर आलेला दगड त्याने स्वतःच्या ढालीवर घेतला होता. मी जबाब लिहायला घेतला आणि शेवटी ती नेहमीची वाक्यं आली: 'सदर अर्ज मी गैरसमजातून दिला होता. माझी आता कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही. हा जबाब मी कोणाच्याही दबावाखाली न येता देत आहे.' त्याने एकदाही मान वर केली नाही.

मी पेन पुढे केलं. त्याने पेनाकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. उजवा हात टेबलाखाली होता, रुमालात गुंडाळलेला. मी काही न विचारता शाईचा पॅड सरकवला. त्याने अंगठा उठवला, शाई पँटला पुसली आणि गेला.

अहवाल वर गेला. फाइलमध्ये एका पानावर त्याच्या सुंदर अक्षरातला अर्ज आणि पुढच्याच पानावर अंगठ्याचा ठसा. लिहिता येणाऱ्या माणसाने अंगठा का दिला, हे वरच्या एकाही टेबलावर कोणी विचारलं नाही. 'अर्ज दफ्तरी दाखल' असा शेरा येऊन फाइल बंद झाली. आदल्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल आला होता: अटकेचा मेमो करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकांना कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा, असे अकरा नियम. ते पोलीस स्टेशनला ठळक लावायचे होते. आमच्याकडे तो बोर्ड ज्या बाकावर मी त्या मुलाला आधी बसवलं होतं, त्याच्या बरोबर वर होता.

मी वाईट माणूस होतो म्हणून हे झालं असं मला वाटत नाही, आणि तो हवालदारही राक्षस नव्हता. ज्याच्यासोबत टेंभी नाक्याला नवरात्राच्या नऊ रात्री उभं राहायचं, त्याच्याच विरुद्ध प्रामाणिकपणे प्रश्न विचारणं माणसाच्या स्वभावाला जड जातं. ही व्यवस्था माझ्या एकट्याच्या सचोटीवर टेकलेली होती, आणि मी त्या दिवशी कमी पडलो. तू माझ्यापेक्षा खंबीर असशील. पण तुझी परीक्षा त्या रिक्षावाल्याच्या जिवावर का व्हावी?

आता दुसरी बाजू. ती तुझ्या बाबांची आहे. त्यांनी तुला कधी सांगितलं नसेल. आम्ही एकाच बॅचचे, एकाच पोलीस लाइनीत राहिलो. तू चौथी-पाचवीत असशील, तेव्हा त्यांच्यावर एका गाडीवाल्याने हप्ता घेतल्याची तक्रार केली होती. तुझ्या बाबांनी आयुष्यात कोणाचा फुकट चहा घेतला नाही. चौकशी त्यांच्याच निरीक्षकांनी केली आणि आठवड्यात क्लीन चिट दिली. ती खरी होती. पण लाइनीत, बाजारात सगळे एकच म्हणायचे, "आपल्याच माणसांनी सोडवला." एकदा तलावपाळीला बसलो असताना ते मला म्हणाले, "मला कोणीतरी परक्याने तपासायला हवं होतं रे. मग हे मिटलं असतं." निवृत्तीपर्यंत ते मिटलं नाही. सूड म्हणून, केस दाबायला म्हणून खोट्या तक्रारी येतात, हे मी नाकारत नाही. पण खोट्या तक्रारीतून सुटलेल्या पोलिसावरही लोकांचा विश्वास बसायचा, तर त्याला सोडणारा बाहेरचाच हवा. तुझे हवालदार निर्दोष असतील तर त्यांच्यासाठीही हाच रस्ता चांगला आहे. त्यांना हे तू स्वतः तोंडावर सांग. दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस.

बाहेरचा तपास झाला तर काय होतं, हे आपल्या भागाने पाहिलं आहे. लखनभैया प्रकरण तू अकादमीत ऐकलं असशील. ११ नोव्हेंबर २००६ ला त्याला मित्रासह वाशीतून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्याला तो चकमकीत मारला गेल्याचं दाखवलं. पोलिसांच्या कागदात ती चकमकच होती. पण त्याचा भाऊ वकील. भाऊ उचलला गेल्याचं कळताच त्याने अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. त्यावर वेळ होती, आणि ती वेळ चकमकीच्या आधीची होती. तरी कागद तसेच पडून राहिले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी झाली, मग २००९ मध्ये विशेष तपास पथक आलं, तेव्हा खटला उभा राहिला. ज्या मित्राला सोबत उचललं होतं, तो २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर गायब झाला आणि पुढे त्याचा मृतदेहच सापडला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यांत १३ पोलीस होते. मेलेल्या माणसाची पार्श्वभूमी काय होती, हा इथे प्रश्नच नाही. पहिल्या दिवसाचा कागद आणि परका तपास अधिकारी, या दोन गोष्टींनी ती केस उभी केली.

आणि बदलापूरचं तर तुझ्या डोळ्यांसमोरच झालं. २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासवर पोलीस व्हॅनमध्ये आरोपी गोळी लागून मेला. त्याच्यावरचा लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोप इतका भयंकर होता की बाहेर लोकांनी पेढे वाटले. मला तेव्हा वाटलं, आता कोण विचारणार? पण कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असा कायदा आहे, म्हणून ती झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या अहवालात पाच पोलिसांकडे बोट दाखवलं गेलं. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या सहआयुक्तांच्या नेतृत्वाखाली पथक नेमायला सांगितलं, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पथक पोलीस महासंचालकांनी नेमावं असं ठरवलं. त्या व्हॅनमध्ये काय झालं हे न्यायालय ठरवेल, मी त्यावर बोलणार नाही. पण एवढं बघ, सगळा वाद 'तपास कोणी करायचा' यावरच अडला होता. आणि शेवटी तपास कोणाकडे? पोलिसांकडेच, फक्त थोड्या लांबच्या पोलिसांकडे.

म्हणून पोलीस तक्रार प्राधिकरणाची मला इतकी आस आहे. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघायला निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरणं हवीत. आपल्या राज्यात कायद्यात ती तरतूद यायला २०१४ उजाडलं. आता राज्यस्तरावर एक आणि महसूल विभागांसाठी वेगळी अशी रचना आहे. आपला जिल्हा कोकण विभागात येतो. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक किंवा अडकवून ठेवणं, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, हे सगळं त्यांच्या कक्षेत आहे. अहवाल शासनाकडे जातो आणि तो फेटाळायचा असेल तर शासनाला कारणं लिहावी लागतात.

पण माझं मत विचारशील तर न्यायाधीश बसवून काम भागत नाही. घटनास्थळी जाणारा, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर ताब्यात घेणारा, साक्षीदाराच्या घरी जाऊन जबाब नोंदवणारा माणूस कोणाचा, हा खरा मुद्दा आहे. तो पोलीस दलातून उसना आणला तर पुन्हा माझंच टेबल. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त तपास अधिकारी घ्यायला सुचवलं होतं. मला कोणी बोलावलं तर मी उद्या सकाळी जाईन.

आता तुझं काम. चौकशी सोडणं वेगळं आणि पुरावा जाऊ देणं वेगळं. उद्या ड्युटीवर गेलीस की पहिलं पत्र वरिष्ठांना दे. भाषा साधी ठेव: 'अर्जातील आरोप याच पोलीस ठाण्यातील अंमलदारांवर असून मी त्यांच्यासोबत कर्तव्य करते. चौकशीच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका राहू नये म्हणून सदर अर्ज अन्य परिमंडळाकडे वर्ग होण्यास विनंती आहे.' कोणावर ठपका नको, विशेषण नको. रात्रभर बेकायदा अडकवून ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे आणि अर्जात तो दिसत असेल तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने २०१३ मध्येच सांगितलं. तेही एका ओळीत नमूद कर.

त्याच दिवशी दुसरं पत्र, त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्यासाठी. दरवाजा, ठाणे अंमलदारांची जागा, व्हरांडा, लॉकअप, मागची खोली, सगळे कॅमेरे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालाप्रमाणे रेकॉर्डिंग १८ महिने राहायला हवं, एक वर्षाच्या खाली तर कधीच नाही. 'कॅमेरा बंद होता' असं कोणी म्हणालं तर कधीपासून बंद होता आणि दुरुस्तीला कधी कळवलं, तेही लिहून माग. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीच्या पानांच्या प्रती काढ. आणि रिक्षा त्या रात्री कुठे उभी होती ते बघ. माणूस रात्रभर आत असेल तर रिक्षा रात्रभर बाहेर असणार, आणि समोरच्या मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्यात ती सापडेल. त्याचं फुटेज पंधरा दिवसही टिकत नसेल, म्हणून उशीर करू नकोस.

अर्जदाराला पत्र देऊन तपासणीसाठी सिव्हिल हॉस्पिटलला पाठव. वळ काही दिवसांत फिके पडतात, मग डॉक्टर तरी काय लिहिणार. त्याला हेही सांग की प्राधिकरणाकडे जाता येतं, राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जाता येतं, आणि कोणीच ऐकलं नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. हे सांगणं म्हणजे फितुरी असं काही जण म्हणतील. तुझ्या वाट्याला बंदोबस्त जास्त येतील, मेसमध्ये तुझ्या टेबलावर कोणी बसणार नाही, कदाचित बदलीही होईल. हे होणार नाही असं मी तुला सांगू शकत नाही. पहिले दोन-तीन महिने कठीण जातील. तेव्हा जेवायला कळव्याला ये, काकू वाट बघते.

जबाब कोणीही घेवो, तू त्या खोलीत असलीस तर दार लावून घे आणि हवालदारांना बाहेर पाठव. माणसाला आपल्या शब्दांत बोलू दे. त्याला लिहिता येत असेल तर त्याला स्वतःला लिहू दे, आणि पेन पुढे करताना त्याचे दोन्ही हात टेबलावर आहेत का बघ.

दोन्ही पत्रांना जावक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. क्रमांक नसलेला कागद कोणी दिला आणि कोणी घेतला हे नंतर कोणाला आठवत नाही. क्रमांक मिळाले की मला तेवढे कळव, कितीही उशीर झाला तरी. मी जागा असेन.

तुझा,
काका